रिकाम्या सभागृहात ठरलेले गोदाम

गेल्या वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात आमच्या घरी सही घेऊन दिले जाणारे एक टपाल आले. लिफाफ्यात एका वकिलाच्या कार्यालयाचे एकच पान होते. ब्लॉक क्रमांक, लॉट क्रमांक, एकर आणि चौरस फूट यांच्या गर्दीत त्यावर एवढेच सांगितले होते की, आमच्या मागच्या रस्त्यापलीकडे ज्या जमिनीवर आजवर मका आणि सोयाबीन पिकत आले, तेथे एक मोठे गोदाम, त्याला जोडून छोटेसे कार्यालय, ट्रेलर उभे करण्याची जागा आणि पावसाचे पाणी धरून ठेवणारी दोन तळी बांधण्यासाठी अर्ज दाखल झाला असून टाउनशिपच्या, म्हणजे आमच्या गावाच्या नगरपालिकेच्या, प्लॅनिंग बोर्डापुढे त्याची जाहीर सुनावणी होणार आहे. अर्जातील मिळकतीपासून २०० फुटांच्या आत ज्यांची मिळकत आहे, त्या सर्वांना सुनावणीच्या किमान १० दिवस आधी अशी सूचना देणे न्यू जर्सी या अमेरिकेतील राज्याच्या कायद्याने बंधनकारक आहे. आमचे घर त्या २०० फुटांत बसत होते. चढावर असलेल्या शेजारच्या घराला, जिथून ते शेत आमच्यापेक्षा कितीतरी स्पष्ट दिसते, पत्र आले नव्हते.

त्यानंतरच्या चार महिन्यांत मी तीन सुनावण्यांना बसले, नकाशांची जाडजूड गुंडाळी टाउनशिपच्या कार्यालयात जाऊन उलगडली, अभियंत्यांचे अहवाल वाचले आणि एवढे करून जे समजले ते पहिल्याच दिवशी कुणी सांगितले असते तर बरे झाले असते, असे वाटले. तेथे गोदाम व्हावे की होऊ नये हा प्रश्न त्या सुनावणीत नव्हताच. तो आठ वर्षांपूर्वी, जवळजवळ रिकाम्या सभागृहात, निकालात निघाला होता. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी ही बोर्डे कोणती ते सांगणे आवश्यक आहे, कारण आमच्या शेजारीपाजारीसुद्धा बहुतेकांचा त्यांत गोंधळ होता. न्यू जर्सीत ५६४ नगरपालिका आहेत आणि जमिनीच्या वापराचे नियम त्यांपैकी प्रत्येकीचे वेगळे आहेत. त्या सर्वांना बांधणारा राज्याचा कायदा म्हणजे १९७५ साली संमत झालेला म्युनिसिपल लँड यूज लॉ. या कायद्यानुसार प्लॅनिंग बोर्डावर ७ किंवा ९ सदस्य असतात. एक महापौर स्वतः किंवा त्यांचा प्रतिनिधी, एक नगरपालिकेचा अधिकारी, एक टाउनशिप कमिटीचा सभासद आणि उरलेले सर्व साधे नागरिक, ज्यांना त्या कामाचे वेतन मिळत नाही. आमच्या बोर्डावर एक निवृत्त प्लंबर, एक शाळेतील ग्रंथपाल आणि एक विमा सल्लागार होते. त्याच्या जोडीला झोनिंग बोर्ड ऑफ ॲडजस्टमेंट असते. नियमात न बसणारा वापर एखाद्याला हवा असेल तर त्याने झोनिंग बोर्डाकडे जायचे, आणि तेथे सातपैकी किमान ५ मते बाजूने पडल्याखेरीज तो वापर मिळत नाही. नियमात बसणारा वापर असेल तर अर्ज प्लॅनिंग बोर्डाकडे जातो आणि ते फक्त साइट प्लॅन, म्हणजे त्या जागेवरील बांधकामाचा आराखडा, तपासते. मात्र मुळात नियम करणारी संस्था या दोन्हींहून वेगळी, म्हणजे निवडून आलेली टाउनशिप कमिटी. आमच्या पत्रावर प्लॅनिंग बोर्डाचे नाव होते, झोनिंग बोर्डाचे नव्हते, यातच खरे तर सगळे उत्तर लिहिलेले होते. आम्हाला ते वाचता आले नाही.

जमिनीवर रेषा ओढून येथे घरे, येथे दुकाने, येथे कारखाने असे ठरवण्याची पद्धत, म्हणजे झोनिंग, अमेरिकेतही फार जुनी नाही. न्यू यॉर्क शहराने १९१६ साली संपूर्ण शहराला लागू होणारे नियम केले, तेव्हा मॅनहॅटनमधील इक्विटेबल बिल्डिंगच्या अवाढव्य भिंती नुकत्याच, १९१५ साली, उभ्या राहिल्या होत्या आणि तिच्या सावलीत गेलेल्या शेजाऱ्यांची ओरड ताजी होती. १९२६ साली ओहायोतील क्लीव्हलँडच्या शेजारच्या युक्लिड या गावाचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. ॲम्बलर रिअल्टी या कंपनीची ६८ एकर जमीन गावाने वेगवेगळ्या वापरांसाठी विभागली होती आणि त्यामुळे जमिनीची किंमत कोसळली अशी कंपनीची तक्रार होती. न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी त्यात म्हटले की, उपद्रव म्हणजे कधी कधी केवळ योग्य वस्तू अयोग्य जागी असणे, जसे गोठ्याच्या अंगणाऐवजी दिवाणखान्यात आलेले डुक्कर. न्यू जर्सीत तर न्यायालये अशा नियमांना इतकी प्रतिकूल होती की, नगरपालिकांना झोनिंगचा अधिकार देण्यासाठी १९२७ साली राज्यघटनेतच दुरुस्ती करावी लागली.

सदरलँड यांचे ते डुक्कर मला तिन्ही सुनावण्यांत आठवत राहिले. आम्हा शेजाऱ्यांच्या दृष्टीने गोदाम म्हणजे दिवाणखान्यात घुसणारे डुक्करच होते. पण टाउनशिपच्या नकाशावर ती जागा हलक्या उद्योगांची म्हणून रंगवलेली होती. कायद्याच्या लेखी तोच गोठा होता आणि आमची घरे त्याला लागून होती.

पहिल्या सुनावणीला सभागृह खच्चून भरले होते. भिंतीला टेकून माणसे उभी होती, कुणी लहान मुलांना घेऊन आले होते, कुणी घरच्या प्रिंटरवर काढलेले फलक धरले होते. अध्यक्षांनी फलक खाली ठेवायला सांगितले आणि अर्जदाराच्या वकिलांनी आपला पहिला साक्षीदार पुढे केला. ही खरोखरच साक्ष असते. स्थापत्य अभियंता, वाहतूक अभियंता, वास्तुविशारद आणि नियोजनतज्ज्ञ शपथ घेतात, आपले शिक्षण व परवाना सांगतात, बोर्ड त्यांना तज्ज्ञ म्हणून मान्य करते आणि मग ते नकाशावर काठी ठेवून बोलू लागतात. बोर्डाचे स्वतःचे अभियंता आणि नियोजक त्यांची उलटतपासणी करतात. त्यांचे शुल्क अर्जदाराने आधीच भरून ठेवलेल्या अनामत रकमेतून जाते, हे कळल्यावर आमच्यातील एकाने मागून मोठ्याने ‘अरे वा’ म्हटले. माझ्या मते ती शंका अनाठायी आहे. ते तज्ज्ञ बोर्डाने नेमलेले असतात आणि हा खर्च करदात्यांनी उचलावा असे म्हणणारा शेजारी मला अजून भेटलेला नाही.

प्रत्येक साक्षीदारानंतर नागरिकांना प्रश्न विचारण्याची मुभा असते, परंतु फक्त प्रश्न, आणि तेही त्या साक्षीदाराने जे सांगितले त्याविषयीच. मत मांडण्याची वेळ सर्व साक्षी संपल्यावर येते आणि तेव्हा नागरिकालाही शपथ घ्यावी लागते. आम्हाला हे माहीत नव्हते. वाहतूक अभियंत्याची साक्ष संपताच एक गृहस्थ उठले आणि आपल्या नातवंडांच्या शाळेच्या बसविषयी अतिशय कळवळून बोलू लागले. तिसऱ्या वाक्याला अध्यक्षांनी त्यांना थांबवून ‘आपला प्रश्न काय?’ असे विचारले. सभागृहात संताप उसळला. मलाही ते उद्धटपणाचे वाटले. आता वाटत नाही, कारण त्या अभियंत्याला विचारण्यासारखा एक नेमका प्रश्न होता. वाहनांची मोजणी कोणत्या महिन्यात केली आणि शाळा तेव्हा सुरू होती का? तो कुणीच विचारला नाही. पुढच्या सुनावणीत तो मी विचारला, तेव्हा मोजणी उन्हाळ्याच्या सुट्टीत झाली होती असे निघाले आणि बोर्डाने ती पुन्हा करायला लावली.

आम्ही घरोघर फिरून सह्या गोळा केल्या होत्या. ते निवेदन पुढे ठेवताच वकिलांनी हरकत घेतली की, सही करणाऱ्याची उलटतपासणी घेता येत नाही, म्हणून तो पुरावा होऊ शकत नाही. बोर्डाच्या वकिलांनी मान डोलावली आणि आमचे तीन आठवड्यांचे श्रम बाजूला ठेवले गेले. त्याच रात्री एकाने सुचवले की, अमुक सदस्य आपल्या ओळखीचे आहेत, त्यांच्या घरी जाऊन शांतपणे बोलू. सुदैवाने ते केले नाही. बोर्ड अशा वेळी न्यायालयासारखे बसलेले असते आणि सुनावणीबाहेर ऐकलेल्या गोष्टीवर निर्णय घेतला तर तो निर्णयच अडचणीत येतो, त्या सदस्याला बाजूला बसावे लागते ते वेगळेच. जो सदस्य एखाद्या सुनावणीला गैरहजर राहिला असेल, त्यालासुद्धा मत देण्यापूर्वी त्या दिवसाचे ध्वनिमुद्रण ऐकल्याचे किंवा लेखी वृत्त वाचल्याचे लिहून द्यावे लागते. मतदान नोंदीत असलेल्या पुराव्यावर होते, टाळ्यांवर होत नाही. सभागृह भरवण्यात जी शक्ती आम्ही खर्च केली, तिच्यातील अर्धी एखादा अभियंता नेमण्यात घातली असती तर तिचा अधिक उपयोग झाला असता.

दुसऱ्या सुनावणीच्या शेवटी एका सदस्यानेच तो प्रश्न विचारला, जो आम्हा सर्वांच्या मनात होता. ‘आम्हाला हे नको असेल, तर नाही म्हणता येईल का?’ बोर्डाच्या वकिलांनी दिलेले उत्तर मी लिहून घेतले आणि नंतर पडताळून पाहिले. नॉर्थ ब्रन्सविकच्या प्लॅनिंग बोर्डाने डोनटच्या एका दुकानाचा साइट प्लॅन रहदारीच्या कारणावरून नाकारला होता. १९८४ साली अपील न्यायालयाने सांगितले की, साइट प्लॅन तपासताना बोर्डाचा अधिकार अर्ज नियमांशी जुळतो की नाही एवढ्यापुरता असतो आणि बाहेरच्या रस्त्यावरील गर्दी हे नियमात बसणारा अर्ज नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. १९८७ साली साउथ ब्रन्सविकच्या एका खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तेच अधिक ठामपणे मांडले. झोनिंगने एखाद्या वापराला मुभा दिली असेल, तर त्या जागी तो वापर लोकहिताचा आहे का हा प्रश्न कमिटीने नियम करतानाच सोडवलेला आहे आणि बोर्डाने तो पुन्हा उघडायचा नाही. बोर्डाला प्रवेशद्वार सुरक्षित आहे का, आतील वाहने कशी फिरतील, पाणी कोठे जाईल, दिवे कुणाच्या खिडकीत शिरतील हे पाहता येते आणि त्यांवर अटी घालता येतात. मूळ वापरच नाकारता येत नाही.

मग कमिटीनेच आता नियम बदलावा, असे कुणीतरी म्हणाले. तो मार्गही बंद होता. पूर्वी न्यू जर्सीत निर्णयाच्या दिवशी जो नियम अमलात असेल तो लागू होत असे, त्यामुळे अर्ज येताच लोक कमिटीवर दबाव आणून झोनिंग बदलून घेत. मे २०११ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हे थांबवले. आता अर्ज दाखल झाला त्या दिवशीचा नियमच त्या अर्जाला शेवटपर्यंत लागू राहतो. बोर्डाला वेळकाढूपणाही करता येत नाही. अर्ज परिपूर्ण ठरल्यापासून १० एकरांपर्यंतच्या साइट प्लॅनवर ४५ दिवसांत आणि त्याहून मोठ्या साइट प्लॅनवर ९५ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. अर्जदाराने मुदतवाढ दिली नाही आणि बोर्ड गप्प राहिले, तर मंजुरी मिळाली असे धरले जाते. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण आमच्या शेजाऱ्यांना इंग्रजीत समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली, पण आमच्या अवस्थेला तिच्याइतके चपखल दुसरे काही नव्हते.

बैल नेमका कधी गेला ते शोधायला मी टाउनशिपच्या क्लार्कच्या कार्यालयात गेले. आठ वर्षांपूर्वीपर्यंत ती जमीन ‘कार्यालये व संशोधन’ या विभागात होती. १९८० च्या दशकात महामार्गालगतच्या शेतांवर असे विभाग मध्य न्यू जर्सीत सर्रास आखले गेले, कारण कंपन्यांची मुख्यालये शहरे सोडून हिरवळीत येतील असा तेव्हाचा समज होता. काही आली, पुढे निघूनही गेली, आणि उरलेली शेते त्या रंगाखाली शेतेच राहिली. दरम्यान नेवार्क आणि एलिझाबेथच्या बंदरांतून येणारा माल वाढला, ऑनलाइन खरेदी वाढली आणि टर्नपाइक या टोल महामार्गाच्या ८ए या निर्गमनाच्या आसपास गोदामांची रांग लागली. तेव्हा आमच्या टाउनशिपने मास्टर प्लॅनच्या, म्हणजे संपूर्ण गावाच्या विकास आराखड्याच्या, नियतकालिक फेरतपासणीत या विभागाला ‘हलके उद्योग’ असे नाव द्यावे आणि परवानगी असलेल्या वापरांत गोदामाचा समावेश करावा, अशी शिफारस केली. कमिटीने तसा ऑर्डिनन्स, म्हणजे स्थानिक कायदा, केला. त्यात गोदामाची व्याख्या दोन ओळींची आहे. माल साठवण्याची इमारत, एवढाच तिचा अर्थ. ४० फूट उंचीचे छत, शेकडो ट्रेलर आणि २४ तास चालणारे काम ही गोष्ट ती व्याख्या लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असावी असे मला वाटत नाही. २०२२ साली राज्याच्या नियोजन आयोगाने गोदामांच्या जागांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत नगरपालिकांनी आपले जुने नियम वेळीच तपासावेत असे बजावलेले आहे. ती तत्त्वे सल्ल्याच्या स्वरूपाची आहेत, बंधनकारक नाहीत, आणि आमच्यासाठी तर उशिराच आली.

त्या ऑर्डिनन्सच्या जाहीर सुनावणीचे इतिवृत्त अर्ध्या पानाचे आहे. प्लॅनिंग बोर्डाचा अहवाल आला, बदल मास्टर प्लॅनशी सुसंगत असल्याचे त्यात म्हटले होते, महापौरांनी सुनावणी खुली केली, बोलण्याची इच्छा कुणीही व्यक्त केली नाही, सुनावणी बंद झाली, ऑर्डिनन्स एकमताने संमत. त्या वेळी आम्ही याच घरात राहत होतो. मला त्या मंगळवारची संध्याकाळ आठवत नाही, याचा अर्थ ती इतर कोणत्याही मंगळवारसारखी गेली असावी.

आम्हाला तेव्हा पत्र का आले नाही, हा प्रश्न स्वाभाविक आहे, आणि त्याचे उत्तर मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत बोचले. एखाद्या विभागाचे वर्गीकरण किंवा सीमा बदलायची असेल तर त्या विभागातील आणि त्याभोवतीच्या २०० फुटांतील मालकांना वैयक्तिक सूचना देण्याची तरतूद कायद्यात आहे. परंतु तो बदल मास्टर प्लॅनच्या नियतकालिक फेरतपासणीत सुचवलेला असेल, तर या सूचनेची आवश्यकता नाही. फेरतपासणी संपूर्ण गावाची असते, म्हणून सगळ्या गावाला पत्रे पाठवण्याचा खर्च टाळावा, हा त्यामागचा विचार असावा आणि तो अगदीच गैरवाजवी म्हणता येणार नाही. मात्र परिणाम असा झाला की, गोदामाच्या दिव्यांच्या खांबांविषयी मला घरपोच पत्र मिळाले आणि तेथे गोदाम चालेल का याविषयीची सूचना वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत छापून आली होती. नियमबदलाला विरोध करण्याचे एक भक्कम हत्यारही कायद्याने दिलेले आहे. बदलत्या जमिनीच्या किंवा तिच्याभोवतीच्या २०० फुटांतील जमिनीच्या २० टक्के किंवा अधिक क्षेत्राच्या मालकांनी लेखी निषेध नोंदवला, तर तो ऑर्डिनन्स कमिटीच्या दोन तृतीयांश मतांखेरीज अमलात येत नाही. आम्ही जमवलेल्या सह्यांना त्या वेळी कायद्याचे वजन आले असते.

आता गोदामवाल्याची बाजू. जमीन ज्या कुटुंबाची होती, त्यातील पुढच्या पिढीत शेती करणारा कुणी नव्हता. विकत घेणाऱ्याने टाउनशिपचा छापील नकाशा पाहून, त्यावर विश्वास ठेवून किंमत मोजली. असा माणूस नियमाप्रमाणे अर्ज घेऊन आल्यावर शेजाऱ्यांची संख्या मोजून त्याला परत पाठवता येऊ नये, हे तत्त्व मला मान्य आहे, कारण उद्या मी घराला मागे खोली जोडायला गेले तर मलाही तेच संरक्षण हवे असेल. टाउनशिपलाही गोदाम हवे होते. न्यू जर्सीत शाळांचा मोठा खर्च मालमत्ता करातून भागतो आणि गोदाम कर भरते पण शाळेत मुले पाठवत नाही. अशा मिळकतींना येथे ‘रेटेबल’ म्हणतात आणि प्रत्येक नगरपालिका त्यांच्या मागे धावत असते.

शेजाऱ्यांचा नकार नेहमीच पवित्र असतो असेही नाही. युक्लिडच्या त्याच निकालात सदरलँड यांनी घरांच्या वस्तीत येणाऱ्या अपार्टमेंट इमारतींना जवळजवळ बांडगुळाची उपमा दिली होती. मोठे भूखंड आणि एकाच कुटुंबाची घरे एवढेच चालतील असे नियम करून गरिबांना बाहेर ठेवण्याची सोय झोनिंगने पुढची अनेक दशके करून दिली. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली माउंट लॉरेल या टाउनशिपच्या खटल्यात सांगितले की, प्रत्येक विकसनशील नगरपालिकेने कमी उत्पन्नाच्या लोकांच्या घरांसाठी आपल्या वाट्याची जागा ठेवली पाहिजे. १९८३ साली त्याच प्रकरणात दुसरा, अधिक कडक निकाल द्यावा लागला. आमच्या सभागृहात गोदामाविरुद्ध जी वाक्ये ऐकली, त्यांतील काही मी दोन वर्षांपूर्वी परवडणाऱ्या घरांच्या एका प्रस्तावाविरुद्ध जशीच्या तशी ऐकली होती. रहदारी, गावाचा चेहरामोहरा, घरांच्या किमती. बोलणारी माणसेही बरीचशी तीच होती.

मग सुनावणीत मिळाले काय? मिळाले ते कमी नव्हते, आणि ते सगळे अटींच्या रूपात मिळाले. मूळ आराखड्यात ट्रक लागण्याचे दरवाजे आमच्या घरांच्या बाजूला होते. इमारत आरशातल्यासारखी उलटी फिरवली तर हेच दरवाजे महामार्गाकडे जातील, हे कुणा तज्ज्ञाने नव्हे, तर बोर्डावरच्या निवृत्त प्लंबरने सुचवले. अर्जदाराच्या अभियंत्याने पाण्याच्या उताराचे कारण सांगून पंधरा मिनिटे नकार दिला आणि पुढच्या सुनावणीला इमारत फिरवलेला नकाशा आणला. ट्रक मागे घेताना वाजणारा तो कर्णकटू इशारा रात्री आमच्या बाजूला येणार नाही, याचे श्रेय त्या माणसाला आहे. दिव्यांचे खांब उतरवले गेले, दिव्यांना वरून टोप्या आल्या आणि आमच्या हद्दीवर पडणारा प्रकाश फूट-कँडलमध्ये मोजून जवळजवळ शून्य असला पाहिजे अशी अट पडली. मातीचा उंचवटा आणि त्यावर सदाहरित झाडांच्या दोन रांगा ठरल्या. मेलेले झाड किती वर्षांपर्यंत बदलून द्यायचे यावर वीस मिनिटे चर्चा झाली, आणि ती फुकट गेली असे मी म्हणणार नाही, कारण महामार्गालगतच्या अशा कितीतरी रांगांत आज अर्धी झाडे वाळलेली दिसतात.

पाण्याविषयी आम्ही सर्वांत अधिक हट्ट धरला. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाच्या अवशेषांनी एका रात्रीत जो पाऊस पाडला, त्यात आमच्या रस्त्यावरची सहा तळघरे भरली होती. राज्याच्या नियमानुसार मोठ्या बांधकामानंतर जागेवरून वाहणाऱ्या पाण्याचा सर्वोच्च वेग २ वर्षांच्या (सरासरी २ वर्षांतून एकदा येणाऱ्या) वादळात आधीच्या ५० टक्क्यांवर, १० वर्षांच्या वादळात ७५ टक्क्यांवर आणि १०० वर्षांच्या वादळात ८० टक्क्यांवर आणावा लागतो. म्हणजे कागदावर तरी गोदामापेक्षा शेतच आमच्याकडे अधिक जोराने पाणी सोडत होते, हे ऐकून आम्ही सगळे गप्प झालो. पण हे तळे गाळाने भरले नाही तरच खरे. म्हणून तळ्याची देखभाल कोण करणार, किती वेळा आणि त्याची नोंद कोण पाहणार, हे प्रश्न आम्ही लावून धरले. देखभालीची योजना जमिनीच्या खरेदीखताला जोडून नोंदवायची आणि वार्षिक तपासणीचा अहवाल टाउनशिपच्या अभियंत्याला द्यायचा, असे ठरावात आले.

काही मागण्या फेटाळल्या गेल्या आणि त्या का, हे समजून घेण्यासारखे आहे. कोपऱ्यातील तीन एकरांवर गावासाठी उद्यान करून द्या, अशी आमच्यातील एकीची मागणी होती. बोर्डाच्या वकिलांनी तिला १९९४ सालचा ओरेगनमधील टायगार्ड शहराचा खटला सांगितला. तेथे फ्लॉरेन्स डोलन यांना आपले प्लंबिंग व विजेच्या सामानाचे दुकान ९,७०० चौरस फुटांवरून १७,६०० चौरस फुटांपर्यंत वाढवायचे होते. शहराने परवानगीच्या बदल्यात ओढ्याकाठची जमीन आणि पायी व सायकलने जाणाऱ्यांसाठी १५ फुटांची पट्टी मागितली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितले की, मागणी आणि प्रकल्पामुळे होणारा परिणाम यांत ढोबळ तरी प्रमाण असले पाहिजे आणि ते दाखवण्याची जबाबदारी शहराची आहे. गोदामामुळे उद्यानाची गरज कशी वाढते, हे आम्हाला सांगता आले नाही. ट्रकांना आमच्या रस्त्यावर बंदी घालण्याचा अधिकारही बोर्डाकडे नव्हता, कारण तो रस्ता काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, आहे.

जुलैमध्ये ७ विरुद्ध १ मतांनी अर्ज मंजूर झाला. विरोधी मत ग्रंथपालबाईंचे होते. लेखी ठराव पुढच्या बैठकीत आला, एकोणतीस अटींचा, आणि त्याची सूचना प्रसिद्ध झाल्यापासून ४५ दिवसांत न्यायालयात जाण्याची मुदत सुरू झाली. ज्या वकिलांना आम्ही भेटलो त्यांनी पैसे न घेता सांगितले की, निर्णय मनमानी किंवा अवाजवी होता हे सिद्ध करावे लागेल आणि एवढ्या अटी घालणाऱ्या बोर्डाविरुद्ध ते कठीण आहे. आम्ही गेलो नाही. आज तेथे पोलादी सांगाडा उभा आहे. झाडे अजून लावलेली नाहीत, त्यासाठी मी दर महिन्याला अभियंत्यांच्या कार्यालयात दूरध्वनी करते.

मास्टर प्लॅनची फेरतपासणी किमान १० वर्षांतून एकदा करावी लागते आणि आमच्या टाउनशिपची पाळी आता आली आहे. महामार्गाच्या दुसऱ्या बाजूला एक कार्यालयसंकुल चार वर्षांपासून ओस पडले आहे आणि त्याचेही भवितव्य या फेरतपासणीत ठरेल. गेल्या महिन्यातील बैठकीला सभागृहात मी, चढावरच्या घरातील शेजारी आणि शाळेच्या प्रकल्पासाठी आलेला एक मुलगा, असे तिघे होतो. गोदामाच्या व्याख्येचे दोन ओळींऐवजी आकारानुसार तीन प्रकार करावेत, ट्रकच्या दरवाजांची संख्या आणि छताची उंची त्यांत यावी आणि सर्वांत मोठ्या प्रकाराला घरांपासून ठराविक अंतराची अट असावी, असे दोन पानांचे टिपण मी दिले. नियोजकांनी उंचीचा आकडा कोठून घेतला असे विचारले, मी आमच्याच गोदामाच्या नकाशावरून असे सांगितले. त्यावर सदस्यांत आपसांत ३० फूट की ३६ फूट अशी बरीच चर्चा झाली, दहा वाजत आले, आणि तो विषय पुढच्या मंगळवारच्या बैठकीवर ठेवण्यात आला.